आयात केलेली भूक

१८८३ साली बेंगळूरुच्या लष्करी छावणीत पंचविशीतला एक डॉक्टर राहत होता. त्याच्या बंगल्यात शेजाऱ्यांच्या मानाने डास फार. शोध घेताना त्याला खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. त्याने पिंप उपडे केले आणि घरातले डास कमी झाले. मग त्याने मेसची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याला सुचवले, की बागेतले डबे आणि जेवणघरातल्या फुलदाण्याही रिकाम्या कराव्यात. अधिकाऱ्याने साफ नकार दिला. त्याचे म्हणणे असे, की ज्या अर्थी डास निर्माण झाले आहेत त्या अर्थी त्यांचे काही प्रयोजन असणार. सृष्टीच्या व्यवस्थेत आपण हात घालू नये. हा डॉक्टर म्हणजे रोनाल्ड रॉस. हा प्रसंग त्यानेच आपल्या आठवणींत नोंदवला आहे. पुढे १८९७ साली सिकंदराबादेत त्याने डासाच्या जठराच्या भित्तीत मलेरियाचा परजीवी शोधून काढला आणि डास हा नुसता उपद्रव न राहता सार्वजनिक आरोग्याचा शत्रू ठरला.

त्या अधिकाऱ्याचा मुद्दा पिंपापुरता हास्यास्पदच होता. परंतु रॉसच्या शोधानंतर तीस-एक वर्षांनी असा एक निर्णय झाला, की त्या वेळी हाच मुद्दा जरा गांभीर्याने कोणी मांडला असता तर बरे झाले असते. १९२८ साली म्हैसूर संस्थानातले मलेरियातज्ज्ञ डॉ. बी. ए. राव यांनी इटलीहून गॅम्बुसिया नावाचा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा भारतात आणला. डासांच्या अळ्या खाणे हे त्याचे काम. आज हा मासा देशभरातल्या तळ्यांत, विहिरींत, नाल्यांत आहे.

२०२५च्या जानेवारीत हा जुना निर्णय पुन्हा बातमीत आला. डासनियंत्रणासाठी गॅम्बुसिया आणि गप्पी हे दोन परदेशी मासे पाण्यात सोडण्याच्या प्रथेविषयी राष्ट्रीय हरित लवादाने केंद्र सरकारकडे उत्तर मागितले. गप्पी सोडणाऱ्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही आहेत. बातमीनंतरची चर्चा अपेक्षेप्रमाणे दोन तटांत विभागली: एका बाजूला डेंग्यू-मलेरियाची भीती, दुसऱ्या बाजूला देशी मासे आणि बेडूक. दोन्ही बाजूंना आधार आहे. पण माझे शिक्षण भौतिकशास्त्रातले असल्यामुळे माझे लक्ष एका आकड्याकडे गेले. आपल्या सरकारी मार्गदर्शिकांत असे सांगितलेले असते, की पूर्ण वाढलेला गॅम्बुसिया दिवसाला १०० ते ३०० अळ्या खातो आणि गप्पी ८० ते १००. हे आकडे सांगताना पाण्याचे तापमान मात्र क्वचितच सांगितले जाते. तापमानाविना सांगितलेला वेग ही भौतिकशास्त्रात अर्धवट नोंद समजली जाते. या अर्धवट नोंदीचा इतिहास शंभरेक वर्षांचा आहे आणि तो पाहण्यासारखा आहे.

मासा कोणत्या वाटेने आला

गॅम्बुसिया मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. फेलिपे पोए या क्यूबन प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ साली या कुळाला नाव दिले ते एका स्थानिक शब्दावरून. क्यूबात कोणी मासेमारीला जाऊन हात हलवीत परतला, की ‘गॅम्बुसिनो’ पकडून आणले असे म्हणत, म्हणजे काहीच नाही. ज्याचे नावच ‘क्षुल्लक’ अशा अर्थाचे, तो मासा पुढे जगातल्या सर्वांत दूरवर पसरलेल्या गोड्या पाण्यातील माशांपैकी एक झाला.

१९०५ साली तो टेक्सासहून हवाईला गेला. १९२१ साली स्पेनला आणि १९२२ साली तिथून इटलीला. इटलीत तेव्हा मलेरियाशी मोठी झुंज चालू होती आणि रॉकफेलर प्रतिष्ठानाची माणसे तिथे काम करीत होती. त्याच प्रतिष्ठानाच्या साहाय्याने म्हैसूर संस्थानातही त्या सुमारास मलेरियाविरोधी कामाची उभारणी सुरू झाली होती. तेव्हा बेंगळूरु-म्हैसूरकडचा मासा अमेरिकेहून थेट न येता इटलीहून यावा, यात आश्चर्य काही नाही. ज्ञानाची वाट जिथून गेली तिथूनच मासाही गेला. डॉ. राव हे काही उथळ प्रयोग करणारे गृहस्थ नव्हते. शहरी मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस स्टिफेन्सी या डासाच्या अंड्यांवरील कंगोरे मोजून त्याचे दोन प्रकार वेगळे करणारा त्यांचा आणि डब्ल्यू. सी. स्वीट यांचा १९३७चा शोधनिबंध आजही उद्धृत होतो. त्यांतल्या एका प्रकाराचे नाव ‘मायसोरेन्सिस’ आहे ते म्हैसूरवरूनच.

जाता जाता एक बारकावा. आपल्याकडे या माशाला सरसकट ‘गॅम्बुसिया ॲफिनिस’ म्हणतात. परंतु १९८८ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की एकच समजली जाणारी ही जात प्रत्यक्षात दोन जातींची आहे आणि युरोपात पसरलेला मासा ‘गॅम्बुसिया होलब्रुकी’ हा आहे. इटलीहून आलेला आपला मासा मग कोणता? कागदोपत्रीच्या प्रवासावरून तरी तो होलब्रुकी असायला हवा. ज्या पाहुण्याला घरात घेतले त्याचे नाव साठ वर्षे आपण कदाचित चुकीचेच घेत होतो.

गप्पीची कथा थोडी आधीची. आर. जे. एल. गप्पी या त्रिनिदादच्या निसर्ग-अभ्यासकाने पाठवलेल्या नमुन्यांवरून १८६६ साली ब्रिटिश म्युझियमने या माशाला त्याचे नाव दिले. भारतात तो १९०८ ते १९१०च्या सुमारास आला. मराठीत हा शब्द इतका रुळला आहे, की पावसाळ्याच्या तोंडावर ‘गप्पी मासे सोडले’ ही बातमी वाचताना आडनावामागचा तो त्रिनिदादकर कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

या साऱ्यात मला सर्वांत बोचणारी गोष्ट आहे ती १९१२ची. त्या वर्षी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने आर. बी. सेमूर सेवेल आणि बी. एल. चौधरी यांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. विषय: डासांचा नाश करण्यात उपयोगी असल्याचे सिद्ध झालेले भारतीय मासे. म्हणजे गॅम्बुसिया येण्याच्या सोळा वर्षे आधी आपल्याच पाण्यातल्या, अळ्या खाणाऱ्या माशांची शास्त्रीय यादी छापून तयार होती. तीत हॅप्लोकायलस होता. त्याला आज ॲप्लोकायलस म्हणतात. डोक्यावर चंदेरी ठिपका मिरवणारा, पाण्याच्या पृष्ठभागालगत राहणारा, वर वळलेल्या तोंडाचा हा मासा. अळ्या श्वास घ्यायला पृष्ठभागाशी येतात, तिथेच हा टपलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या तळ्यांत आणि दख्खनच्या ओढ्यांत तो पूर्वापार आहे.

मग परदेशी मासा का? उत्तर इतिहासात शोधले तर त्याला दोन पदर दिसतात. एक, गॅम्बुसिया आणि गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात. त्यामुळे डबक्यात वनस्पती असो-नसो, त्यांची पैदास सोपी. दुसरा पदर असा, की त्या काळच्या आरोग्य खात्यांना जगभर चालेल असे एकच साधन हवे होते. क्विनाइन जसे सगळीकडे तेच, तसा मासाही सगळीकडे तोच. मुंबईत १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मलेरियाचे मूळ शहरातल्या विहिरींत असल्याचे अहवालात दाखवले, तेव्हा विहिरी बुजवण्याला पारशी समाजाचा धार्मिक कारणाने विरोध झाला. विहीर बुजवणे अवघड, तिथे मासा सोडणे सोपे. प्रशासनाला असे उपाय नेहमीच प्रिय असतात, आणि खरे सांगायचे तर दरवर्षी हजारो माणसे तापाने मरत असताना त्यांना दोष देणेही कठीण आहे.

एकाच माणसाची दोन समीकरणे

आता भुकेकडे वळू. मासा हा शीतरक्ताचा प्राणी. पाण्याचे तापमान तेच त्याच्या शरीराचे तापमान. त्याच्या पेशींतल्या रासायनिक क्रिया कोणत्या वेगाने चालतील हे पाणी ठरवते. वेग आणि तापमान यांचा संबंध सांगणारे समीकरण स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडले, साखरेच्या विघटनावरचे प्रयोग तपासताना. याच आऱ्हेनियस यांनी १८९६ साली हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचे पहिले सविस्तर गणित केले. पाणी किती तापेल आणि तापलेल्या पाण्यात भूक किती वाढेल, या आजच्या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना एकच माणूस उभा आहे, आणि दोन्ही कामे सात वर्षांच्या अंतराने झालेली. विज्ञानाच्या इतिहासातला हा योगायोग माझ्या फार आवडीचा आहे.

प्राण्यांच्या बाबतीत हे समीकरण वापरताना ‘सक्रियण ऊर्जा’ नावाची एक राशी लागते. २००४ साली जेम्स ब्राउन आणि सहकाऱ्यांनी चयापचयाचा जो व्यापक सिद्धान्त मांडला त्यात ती साधारण ०.६ ते ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली आहे. ०.६५ घेऊन हिशेब करू. पाणी २५ अंशांवरून २८ अंशांवर गेले, तर चयापचयाचा वेग सुमारे २९ टक्क्यांनी वाढतो. २० वरून ३० वर गेले तर तो सव्वादोन पटींहून जास्त होतो. जळणारी ऊर्जा कुठून तरी भरून काढावी लागते. म्हणजे २५ अंशांच्या टाकीत दिवसाला २०० अळ्या फस्त करणाऱ्या माशाला, इतर सर्व गोष्टी समान धरल्या, तर २८ अंशांच्या टाकीत २५७च्या आसपास अळ्यांची गरज पडेल.

‘इतर सर्व गोष्टी समान’ हे शब्द भौतिकशास्त्रज्ञाच्या तोंडी सहज येतात आणि जीवशास्त्रज्ञाच्या कपाळावर आठी उमटवतात. ती आठी रास्त आहे. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९१४च्या सुमारास गोल्डफिश आणि बेडूक यांचा प्राणवायूचा वापर वेगवेगळ्या तापमानांना मोजला. आलेख चढता होता खरा, पण सरळ सूत्रात बसणारा नव्हता; थंड पाण्यात तो अधिक वेगाने चढे, उबदार पाण्यात जरा संथ. १९४७ साली कॅनडाच्या फ्रेडरिक फ्राय यांनी त्यात आणखी एक गोष्ट दाखवली. विश्रांतीतला खर्च तापमानाबरोबर वाढत राहतो, पण शरीराची कमाल क्षमता एका मर्यादेनंतर वाढायची थांबते. दोहोंमधले अंतर म्हणजे प्राण्याच्या हातात उरलेली ताकद, पोहायला, शिकार करायला, अन्न पचवायला. फार तापलेल्या पाण्यात खर्च चढाच राहतो आणि हातातली ताकद आटते. त्यामुळे भूक तापमानाबरोबर आधी वाढते आणि मग एका उंबरठ्यापाशी कोसळते. तो उंबरठा कोणत्या माशाचा किती अंशांवर आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून.

भूक मोजण्याची रीतही याच काळात घडली. १९५९ साली सी. एस. हॉलिंग यांनी एका टेबलावर सॅण्डपेपरच्या चकत्या टाचणीने लावल्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या व्यक्तीला त्या बोटाने चाचपडत शोधून गोळा करायला लावल्या. चकत्या थोड्या असताना वेळ शोधण्यात जाई. खूप असताना तो उचलून बाजूला ठेवण्यात जाई, आणि मग चकत्या कितीही वाढवल्या तरी मिनिटाला गोळा होणारी संख्या वाढत नसे. शिकारी प्राण्याचेही असेच: एक शोधण्याचा वेग, दुसरा एकेका भक्ष्याला पकडून, गिळून, पचवून मोकळे होण्याचा वेळ. पाणी तापले की मासा जास्त भटकतो आणि लवकर पचवतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी खाणे वाढते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आगंतुक प्राण्यांचा धोका आधीच ओळखण्यासाठी हीच मोजणी वापरली जाऊ लागली आहे: त्याच टाकीत, त्याच भक्ष्यावर, परदेशी आणि देशी प्राण्याची भूक शेजारी शेजारी मोजायची. २०१४ साली जेमी डिक आणि सहकाऱ्यांनी ती पद्धतशीरपणे मांडली.

पाणी तापवणारा मासा

स्पेनमध्ये गॅम्बुसियाला आता शंभर वर्षे उलटून गेली. तिथे किनारपट्टीच्या खाजणांत फार्टेट नावाचा एक इवलासा देशी मासा आहे. तो आता संकटग्रस्त आहे. २०१३ साली तिथल्या संशोधकांनी हे दोन मासे १९, २४ आणि २९ अंशांच्या पाण्यात समोरासमोर ठेवले. तापमान वाढत गेले तशी गॅम्बुसियाची आक्रमकता आणि भक्ष्य पटकावण्यातली सरशी वाढत गेली. युरोपात हिवाळा हा देशी माशांचा एक मूक साथीदार असतो. थंड पाण्यात गॅम्बुसिया मंदावतो. स्पेनचा निष्कर्ष जसाच्या तसा इकडे लावता येत नाही, कारण आपले देशी मासे उष्ण कटिबंधातलेच आहेत आणि उन्हाला सरावलेले आहेत. पण एक गोष्ट उघड आहे. जो साथीदार फार्टेटला वर्षातून काही महिने तरी लाभतो तो बेंगळूरु किंवा पुण्याच्या तळ्यात मुळातच नाही. इथे या माशाला उपासाचे महिने नाहीत.

याहून विलक्षण प्रयोग १९७२चा आहे. कॅलिफोर्नियात स्टुअर्ट हर्लबर्ट आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम तळी केली. काहींत गॅम्बुसिया सोडला, काहींत नाही. माशांच्या तळ्यांतले सूक्ष्म कवचधारी जीव आणि कीटक जवळपास नाहीसे झाले. हेच जीव पाण्यातले सूक्ष्म शैवाल खाऊन ते आटोक्यात ठेवतात. ते संपल्यावर शैवाल मोकाट वाढले, पाणी हिरवे आणि गढूळ झाले, आणि त्या तळ्यांचे तापमान माशांविना असलेल्या तळ्यांपेक्षा वाढले. कारण सरळ आहे: स्वच्छ पाण्यात ऊन खोलवर उतरते, हिरव्या गढूळ पाण्यात ते वरच्या थरातच शोषले जाते. आता आधीचा हिशेब आठवा. मासा खातो, त्यामुळे पाणी तापते, तापल्यामुळे त्याची भूक वाढते. भौतिकशास्त्रात याला धन पुनर्भरण म्हणतात. ते अमर्याद चालत नाही, कारण खाद्य संपते आणि फ्राय यांचा उंबरठा येतो. पण त्याची दिशा स्पष्ट आहे. अवघ्या दोन पेरांचा मासा तळ्याचे हवामान बदलू शकतो, हे त्या तळ्यांनी दाखवले. (हर्लबर्ट पुढे पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांच्या संख्याशास्त्रीय चुका दाखवून देण्याबद्दल प्रसिद्ध झाले, त्यामुळे त्यांचा प्रयोग हलगर्जीपणाचा असेल अशी शंका सहसा कोणी घेत नाही.)

इथे एक साधा पण महत्त्वाचा मुद्दा. गॅम्बुसियाला डासाच्या अळ्यांचे विशेष प्रेम नाही. तो समोर येईल आणि तोंडात मावेल ते खातो: सूक्ष्म कवचधारी, इतर कीटकांच्या अळ्या, माशांची अंडी, बेडकांची कोवळी पिल्ले. त्याची भूक २९ टक्क्यांनी वाढली तर ती वाढ कोणाच्या वाट्याला येते, हे त्या तळ्यात काय आहे त्यावर ठरते. डासाची अळी तर उबदार पाण्यात स्वतःही लवकर वाढते आणि पंख फुटून उडून जाते. माशाला तिच्यासाठी मिळणारे दिवस कमी होतात. बेडकाच्या पिल्लाला शेपूट झडून पाय फुटायला कित्येक आठवडे लागतात. ते तिथेच सापडते. तेव्हा ‘उष्णता वाढली तर मासे जास्त डास खातील, मग चांगलेच’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण त्याचे गणित तपासले की डळमळतो.

बेंगळूरुची तळी

बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे आणि ‘थंड हवेचे शहर’ ही त्याची ख्याती अजून पुसलेली नाही. पण २०१६च्या एप्रिलमध्ये इथे पारा ३९.२ अंशांवर गेला आणि २८ एप्रिल २०२४ रोजी ३८.५ अंशांवर. इथली तळी मुळात सिंचनासाठी बांध घालून केलेली, उथळ. उथळ पाणी हवेच्या तापमानाच्या मागोमाग धावते.

सरासरी तापमानावर विसंबणाऱ्यांसाठी एक छोटे गणित. एका टाकीत पाणी सतत २६ अंश ठेवले आणि दुसरीत ते अर्धा वेळ २२ व अर्धा वेळ ३० ठेवले. सरासरी दोन्हीकडे २६च. पण आऱ्हेनियसचा आलेख वर वळणारा असल्यामुळे दुसऱ्या टाकीतला चयापचय सुमारे ५ टक्के जास्त निघतो. ३० अंशांवर जो फायदा होतो तो २२ अंशांवरच्या तोट्याहून मोठा असतो. उथळ तळ्यात दिवस-रात्रीचा चढउतार मोठा असतो, त्यामुळे मासिक सरासरीवरून काढलेला भुकेचा अंदाज नेहमी थोडा कमीच येणार.

दुसरी बाजू प्राणवायूची. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना ७.६. बेंगळूरुच्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून यातूनही दहाएक टक्के वजा करायचे. त्यात सांडपाणी मिसळले की रात्री पाण्यात प्राणवायू जवळपास उरत नाही. मार्च २०१६मध्ये हलसूर तलावात हजारो मासे मरून तरंगले ते अशाच गुदमरण्याने. अशा पाण्यात कोण तगतो? ज्याला पृष्ठभागावरचा, हवेला चिकटून असलेला पातळ थर तोंडाने ओढून घेता येतो तो. गॅम्बुसिया ते करतो, गप्पीही करतो, आणि तिलापियाही. उष्णता आणि सांडपाणी मिळून तळ्याच्या दारावर एक चाळण बसवतात, आणि तिच्यातून आत राहणारे बहुतेक मासे परदेशी असतात.

तिलापियाचे नाव आले तर उजनीकडेही दृष्टी टाकायला हवी. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आला, अन्न म्हणून. लगोलग त्याचा उपद्रव ध्यानात आला आणि १९५९ साली केंद्रीय पातळीवरच्या मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसाराला मनाई केली. मनाईला सहा दशके झाली. भिगवण-इंदापूरच्या मासळीबाजारात ‘चिलापी’ हे आता घरगुती नाव आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली मुळा-मुठा आणि भीमेच्या खोऱ्यातल्या माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन छापले, त्या यादीत हे नाव असणे शक्यच नव्हते. उजनीचा पसारा मोठा आणि उथळ काठांचा. वर मांडलेला हिशेब तिथे बेंगळूरुपेक्षा कमी लागू पडेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

दुसऱ्या पारड्यात काय

या माशांनी काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोलार जिल्ह्यात आणि कर्नाटकातल्या इतर गावांत बेंगळूरुच्या मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी विहिरींत आणि तळ्यांत गप्पी व गॅम्बुसिया सोडले. अळ्या घटल्या आणि मलेरियाचे रुग्ण घटल्याचेही त्यांनी नोंदवले. तिथे कीटकनाशकांना न जुमानणारे डास होते आणि गावकऱ्यांना विषारी फवारणी नको होती. बंदिस्त विहिरीत सोडलेला मासा तिथून सहसा कुठे जात नाही, हेही खरे. तरीही २०१७ साली कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत जगभरच्या अशा अभ्यासांची छाननी झाली तेव्हा निष्कर्ष असा निघाला, की काही ठिकाणी मासे अळ्या कमी करतात, पण त्यामुळे माणसांतला मलेरिया कमी होतो याचा विश्वासार्ह पुरावा उपलब्ध नाही. शंभर वर्षे आणि पाच खंड ओलांडून गेलेल्या उपायाविषयीचे हे वाक्य आहे.

माझे मत असे, की विहीर आणि तळे यांना एकाच नियमात बसवणे ही या विषयातली सर्वांत महाग पडलेली सवय आहे. इमारतीच्या गच्चीवरची टाकी, पडीक विहीर, बांधकामाच्या जागेवरचा हौद, हे बंद पाणी. तिथे गप्पी असण्याने फार बिघडत नाही. ओढा, नदी, तलाव, भातखाचर हे उघडे पाणी, आणि तिथे पावसाच्या पहिल्या पुरात मासा कुठे जाईल यावर कोणाचा ताबा नसतो. मोहिमांत मात्र दोन्हींसाठी तीच पिशवी उघडली जाते.

लवादासमोर आता जी उत्तरे येतील त्यांत दिवसाला १०० ते ३०० हा आकडा असेलच. त्याच्यापुढे तापमान लिहायला फार काही लागत नाही. काचेच्या काही टाक्या, पाणी तापवणारी साधी कांडी, तापमापी, मोजून सोडलेल्या अळ्या आणि कवचधारी जीव. एका टाकीत गॅम्बुसिया, एकीत गप्पी, एकीत सेवेल-चौधरींच्या यादीतला ॲप्लोकायलस. पाणी २४, २७, ३० आणि ३३ अंश. चोवीस तासांनी उरलेले मोजायचे, आणि अळ्या किती उरल्या याच्याबरोबर कवचधारी किती उरले हेही लिहायचे. एखाद्या जिल्हा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला एका सत्रात होण्यासारखे हे काम आहे, आणि एप्रिल-मेमध्ये केले तर कांडीचीही गरज पडणार नाही.